मागच्या ओळीतली सवाष्ण

वसुमतीअक्कांना तुम्ही पाहिलेलं आहे. नाव माहीत नसेल, चेहराही आठवत नसेल, पण पाहिलेलं आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे. नव्वद सालानंतर जे घरगुती सिनेमे आले, ज्यांतल्या घरात भला मोठा जिना असतो, जिन्यावरून अख्खं कुटुंब गाणं म्हणत उतरतं आणि दर थोड्या वेळाने कुठलातरी सण येतो, त्यांतला एखादा आठवा. नायिकेची आई आरती ओवाळते आहे. तिच्या मागे पाच-सहा बायका उभ्या आहेत, भरजरी नेसलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या. त्यांतली उंचशी, नथ घातलेली, पदराने डोळे टिपणारी बाई म्हणजे आमच्या अक्का. त्यांना बोलायचं काहीच नसायचं. हसायचं, रडायचं, अक्षता टाकायच्या आणि घर भरलेलं दिसेल असं उभं राहायचं.

आता त्यांचं खरं घर सांगते. बंगळूरच्या चामराजपेटेत आमचं वठार आहे. वठार म्हणजे एक फाटक, आत समोरासमोर दोन ओळींत लहान लहान घरं आणि मधे सगळ्यांचा मिळून एक नळ. बिऱ्हाडं बहुतेक कानडी, मराठी तेवढी आम्हीच तीन. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले, असं माझे वडील छाती फुगवून सांगत. फौजेत ते नक्की काय करत होते ते मात्र कधी सांगत नसत. तलवार काही चालवली नसणार, एवढं आमच्या घराण्याच्या मनगटांकडे पाहून कुणीही सांगेल. घरात मराठी, शाळेत कानडी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची रीत. मी शाळेत शिकवते, म्हणून लहानथोर सगळे मला टीचर म्हणतात. माझं लग्न झालेलं नाही आणि त्याची चौकशी करणं आता वठारानेही सोडून दिलं आहे.

अक्कांचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेले. त्यांची मुलगी मुग्धा तेव्हा शाळेत होती. समोरच्या ओळीत धाकटे दीर गुरुराजअण्णा आणि त्यांची बायको पद्मावती राहत. माणसं वाईट नव्हती. सणाला वाटीभर पायस आणून देत आणि वर्षभर त्या पायसाची आठवण करून देत. अक्कांचं कपाळ मोकळं झालं, बांगड्या गेल्या, रंगीत लुगडी ट्रंकेत गेली. कुणी जबरदस्ती केली असं नाही. आमच्याकडे जबरदस्ती करावीच लागत नाही, सगळे नुसते बघतात.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा उपेंद्र गांधीनगरात सिनेमावाल्यांकडे कॅमेऱ्याच्या मदतीला असायचा. फावल्या वेळात लग्नाचे व्हिडिओ काढायचा. एक दिवस तो धावत आला. दुसऱ्या दिवसाच्या चित्रीकरणाला बायका कमी पडत होत्या.

"अक्का, एकच दिवस. नुसतं उभं राहायचं. पूजा आहे."

"खरी?" अक्कांनी विचारलं.

"सिनेमातली."

मुग्धाच्या कॉलेजची चिंता होती. अक्का गेल्या. संध्याकाळी नळावर भेटल्या तेव्हा घागर भरून वाहत होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"टीचर, त्या मेकपच्या बाईने विचारलंच नाही हो. हनुवटी धरली आणि कुंकू लावून मोकळी झाली. हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. मी नको म्हणाले नाही."

"मग?"

"मग काय! आरशात बघितलं स्वल्प. आणि जाऊन उभी राहिले."

निघायच्या आधी त्यांनी खोबरेल तेलाने कपाळ घासून घासून पुसलं होतं. तरी भुवयांच्या मधोमध एक लालसर छटा राहिली होती. मी त्यांना आत नेऊन ओल्या फडक्याने ती काढली, कारण समोर पद्मावती दारात उभी होती.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं हेच चाललं. सकाळी फिकं लुगडं नेसून अक्का बस पकडायच्या, सेटवर सवाष्ण व्हायच्या आणि संध्याकाळी कपाळ पुसून घरी यायच्या. वठारात सांगितलं होतं, लग्नाच्या कंत्राटदाराकडे स्वयंपाकाला जाते. परक्याच्या चुलीपुढे दिवसभर घाम गाळणारी विधवा आमच्या लोकांना चालते. तीच बाई पंख्याखाली उभी राहून पैसे मिळवते म्हटलं की घराण्याचं नाक कापलं जातं. गंमत म्हणजे पद्मावती ते सगळे सिनेमे बघायची. एक तर तिने तीनदा पाहिला, तिन्ही वेळा रुमाल भिजवून घरी आली आणि पडद्यावरची आपली थोरली जाऊ तिला एकदाही ओळखू आली नाही. नथीचा आणि कुंकवाचा दोष नव्हता तो. घरातल्या विधवेच्या तोंडाकडे नीट बघायची सवयच कुणाला नसते.

सेटवर त्यांना सगळे अत्तेम्मा म्हणत. आत्याबाई म्हणा, सासूबाई म्हणा, कानडीत दोन्हींना तेच नाव. मी त्यांना विचारायची, आज काय होतं? त्या हसत सांगायच्या, आज डोहाळजेवण, आज गौरी, आज लग्न. लग्नं तर किती लावली असतील! नवरी एका प्रांतातली, नवरा दुसऱ्या, भटजी तिसऱ्या आणि जेवणावळीत प्लॅस्टिकचे लाडू. त्या घरांना जात नसायची, भाषा नसायची, गाव नसायचं, नुसती झुंबरं असायची. आणि बघणारे मात्र म्हणायचे, ही आपली संस्कृती! ज्यांना भावाशी धड बोलता येत नव्हतं, तेसुद्धा काळोखात बसून म्हणायचे.

अक्कांना त्या कामातलं एक काम फार छान जमायचं, ते म्हणजे नवरीला हळद लावणं. उपेंद्रनेच शिकवलं होतं. खांदा मागे ठेवायचा, नवरीच्या तोंडावर आपली सावली पाडायची नाही, कॅमेऱ्याकडे चुकूनही बघायचं नाही आणि 'रेडी' ऐकलं की निघायचं. "आता तर अंगात ताप असला तरी रेडी म्हटलं की पाय आपोआप निघतात, टीचर," असं त्या म्हणायच्या. कुठल्या कुठल्या नट्यांच्या गालांना त्यांनी हळद लावली. त्यांतल्या एकीलाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

मुग्धा कॉलेजात असताना एकदा आईबरोबर चोरून सेटवर गेली. त्या दिवशी हळदच होती. घरी आल्यावर ती आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, माझी हळद तूच लावायचीस. कोण काय म्हणतं ते मी बघते." मी तिथेच बसले होते. अक्का तिला म्हणाल्या, "वेडी की काय!" पण त्या दिवसापासून ही एकच इच्छा त्यांनी मनात धरली. देवाकडे, दिराकडे, माझ्याकडे त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. इतक्या परक्या पोरींना लावली, माझ्या पोरीला एकदा लावीन, असं त्या पुष्कळदा म्हणायच्या. आमच्याकडे विधवेने नवरीला हळद लावायची नसते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मुग्धाला व्हाइटफील्डकडे एका कंप्युटर कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी लागली. कंपनीच्या बसमध्ये तिला शुभंकर भेटला. पुण्याचा, इंजिनीअर, बोलायला सरळ, जरा आईच्या मुठीतला. पत्रिका वगैरे नंतर जुळवल्या गेल्या. त्याची आई स्मिताबाई मुलगी बघायला पुण्याहून आल्या, तेव्हा उप्पीट आणि केसरीबात करायला मी अक्कांकडे गेले होते.

स्मिताबाई हसऱ्या, सुटसुटीत, कापलेले केस. आल्या आल्या म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती गोड आहे हो! कानडी हेल आहे, पण गोड!" साडेतीनशे वर्षं जपलेल्या भाषेला त्यांनी एका वाक्यात पास केलं, तेही जरा मार्क कापून. मग त्यांनी सगळं घर नजरेने फिरून पाहिलं, देवघराशी हात जोडले आणि गुरुराजअण्णांना म्हणाल्या, "आम्ही कर्मठ नाही हं, अजिबात नाही. पण घरात संस्कृती हवी. पुण्यात आता काही राहिलं नाहीये. तुम्ही लोकांनी इतक्या लांब येऊन टिकवलंय, म्हणून मला हे स्थळ आवडलं."

अण्णा फुलून आले. जणू संस्कृती त्यांच्याच कपाटात कुलपात होती.

मग गोष्ट निघाली सिनेमाची. त्या वर्षी एक हिंदी सिनेमा जोरात होता. त्यातलं लग्न म्हैसूरला चित्रित झालं होतं आणि गर्दीतल्या बायका बंगळूरहून गेल्या होत्या. अक्का चार दिवस तिकडे होत्या हे फक्त मुग्धाला आणि मला ठाऊक होतं.

"मी चारदा पाहिला," स्मिताबाई म्हणाल्या. "त्यात हळदीचं गाणं आहे ना, त्यात एक बाई मुलीला हळद लावते. आई नाही, काकू की मावशी कुणीतरी. एक शब्द बोलत नाही हो, पण काय तिचा चेहरा! मी तर दर वेळी रडते. आपल्याकडच्या बायकांची माया म्हणजे ती! मला शुभंकरचं लग्न तस्संच करायचंय."

अक्का त्यांच्यापुढे केसरीबातची बशी धरून उभ्या होत्या. मोकळं कपाळ, मोकळे हात. स्मिताबाईंनी बशी घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि पुन्हा पद्मावतीकडे वळल्या. मी तोंड उघडलं होतं. अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाणी आणायला आत गेले.

लग्न ठरलं. स्मिताबाईंची दर आठवड्याला फोनवरून नवी नवी मागणी यायची. मेंदीचा कार्यक्रम हवा, गाण्यांचा हवा, मुलीच्या बहिणींनी नवऱ्याचे जोडे लपवायला हवेत. यातलं ना त्यांच्या घराण्यात कधी झालेलं, ना आमच्या. "जोडे चोरायचे?" अण्णा म्हणाले. "कशाला की? छत्रात तसेही जातात." छत्र म्हणजे आमच्याकडचं मंगल कार्यालय. पण सिनेमात होतं, म्हणजे ती आपली जुनी परंपराच ठरली. आणि जी खरोखर जुनी होती ती कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. कन्यादान अण्णा आणि पद्मावती करणार, हळदीला पाच सवाष्णी बसणार, अक्का कोठीची व्यवस्था बघणार. कोठी म्हणजे सामानाची खोली. लग्नात विधवा बाई तिथेच ठीक, कामातही येते आणि दिसतही नाही.

अक्कांनी मुग्धाला विचारलं. मी भाजी निवडत होते.

"मुग्धा, हळदीचं काय ठरलं गं?"

मुग्धा केसांना तेल लावत होती. तिचा हात क्षणभर थांबला. "बघू गं आई."

"तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण आता त्यांच्याकडे काय चालतं, काय नाही, मला कुठे माहितीये? उगाच पहिल्याच दिवशी विषय नको. नंतर एकदा आपण दोघीच घरी लावू. सरी?"

"सरी, ठीक," अक्का म्हणाल्या. नंतर कधी हळद लावतात, लग्न होऊन गेल्यावर? पण त्या पोरीला हे सांगणार कोण! शेवटी अक्कांनी पद्मावतीला विचारलं की पाचजणींच्या मागे मी सहावी नुसती उभी राहिले तर चालेल का, हात लावणार नाही. पद्मावतीने जीभ चावली. "अय्यो अक्का, तुम्ही मोठ्या, तुम्हाला मी काय सांगू? पोरीच्या सौभाग्याचा प्रश्न आहे." झालं, विषय मिटला.

स्मिताबाईंना सिनेमासारखा व्हिडिओ हवा होता. अण्णांनी ओळखीचा म्हणून उपेंद्रलाच सांगितलं. अक्कांनी त्याला आधीच बजावलं होतं, तिथे मला ओळख दाखवू नकोस. तो बिचारा देवाची शपथ घेऊन गेला.

लग्नाच्या सकाळी मी अक्कांबरोबर कोठीतच होते. लग्न न झालेली चाळिशीची बाई हळदीला कोण बसवतं? आम्ही दोघी नारळ मोजत आणि विड्याची पानं पुसत बसलो होतो. वरपक्षाकडून उष्टी हळद वाजतगाजत आली. बाहेर बायकांचा गलका ऐकू येत होता. अक्का एकच पान पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. मला वाटलं आता रडतील, पण नाही रडल्या.

तेवढ्यात वीज गेली. बाहेर सगळ्यांचा 'आं' असा आवाज झाला. मुहूर्त थांबत नाही म्हणून भटजींनी घाई केली आणि खिडकीच्या उजेडात हळद उरकली. उपेंद्रचे दिवे बंद, त्यामुळे व्हिडिओत त्यातलं काहीच आलं नाही. अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा सवाष्णी न्याहारीला जाऊन बसल्या होत्या. हळदीने माखलेली मुग्धा पाटावर तशीच होती. स्मिताबाई हळहळत होत्या.

"असं कसं? तेच तर मला हवं होतं! पुण्याला सगळ्यांना दाखवायचंय. परत करू या. खरी हळद झालेली आहे, ही आपली नुसती व्हिडिओपुरती. चेहरा पुसून घे गं मुग्धा, नव्याने लावू."

त्यांचं हे वाक्य मी दारातून स्वतःच्या कानांनी ऐकलं. नुसती व्हिडिओपुरती. दोन बायका हात धुऊन आल्या. पद्मावती आली. उपेंद्रने मोठा दिवा लावला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि वैतागला. नवरीच्या डावीकडची जागा मोकळी दिसत होती. पद्मावती नेमकी दिव्याच्या वाटेत उभी राहून सावली पाडत होती. त्याने तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. स्मिताबाई घाई करत होत्या. इकडे अक्का नारळाची पाटी घेऊन कोठीच्या दाराशी आल्या होत्या. मुलीला एकदा बघावं म्हणून आल्या असतील, दुसरं काय!

उपेंद्रने मान वर केली, त्याला त्या दिसल्या आणि आठ-नऊ वर्षांची सवय त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"हां, अत्तेम्मा, बन्नी, लेफ्टने या. रेडी!"

अक्कांनी पाटी खाली ठेवली आणि निघाल्या. घाई नाही, अडखळणं नाही. दिवा चुकवून डावीकडून आल्या, खांदा मागे ठेवून पाटाशी बसल्या. वाटीतली हळद दोन्ही हातांच्या बोटांना घेतली आणि मुग्धाच्या गालांना लावली, मग दंडांना, मग पावलांना. मग पुन्हा तिचं तोंड ओंजळीत धरलं. मुग्धाने वर बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगते. न्याहारीहून परतलेल्या बायका दारात खिळल्या होत्या आणि खुद्द स्मिताबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. बाई कोण, कपाळ कसं, याचं त्यांना त्या घटकेला भान नव्हतं.

अक्का नंतर म्हणाल्या, पाय आपोआप गेले. मला विचाराल तर पाय आपोआप गेले असतील, पण हात आपोआप गेले नाहीत.

"कट, ओके!" उपेंद्र म्हणाला.

"अय्यो, अक्का!" पद्मावती ओरडली. "हे काय केलंत?"

मग सगळ्यांना सगळं दिसायला लागलं. मोकळं कपाळ, मोकळे हात, हळदीची बोटं. कुणीतरी पुटपुटलं, नवरीची आई ना ही? स्मिताबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"नाही, तसं आमचं काही नसतं हो," त्या म्हणाल्या. "आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. पण आजचा दिवस आहे, आणि मनात एकदा शंका आली की ती राहतेच. उद्या काही झालं तर आपल्यालाच वाईट वाटेल ना? शुभंकर एकुलता एक आहे माझा."

"तुम्हीच आत्ता म्हणालात ना, नुसती व्हिडिओपुरती आहे म्हणून?" मी म्हणाले.

"हळद ती हळदच ना हो!" त्या म्हणाल्या.

ज्या बाईला बघून चारदा रडलात ती हीच, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. अक्कांनी हळदीच्याच हाताने माझं मनगट घट्ट धरलं. बोलले असते तर कदाचित लग्नच मोडलं असतं, नटीची पोरगी म्हणून. मी गिळलं.

कुणी काही ठरवायच्या आत मुग्धाच पाटावरून उठली. मला वाटलं, आता बोलेल. कोण काय म्हणतं ते मी बघते, असं म्हणणारी ती मुलगी आता उभी राहील. ती उभी राहिली आणि स्मिताबाईंकडे बघून म्हणाली, "मी डोक्यावरून अंघोळ करून येते. काकू, तुम्ही पुन्हा हळद पाठवाल का?" मग उपेंद्रला म्हणाली, "ते पुसा. त्याच्यावरच नवीन घ्या." आईकडे न बघता शेवटी म्हणाली, "आई, तू आत जा ना, प्लीज."

तिचं वय, तिची भीती, तिचा संसार, मला सगळं समजतं. मला समजावायला येऊ नका. मला तिचा राग आला तो आजही तितकाच आहे.

ती न्हाऊन आली. पुण्याच्या पाहुण्यांच्या खोलीतून हळदीची वाटी पुन्हा आली. पाच सवाष्णींनी पुन्हा गाल माखले, पद्मावतीने पुन्हा सावली पाडली आणि उपेंद्रने खाली मान घालून कॅसेट मागे घेतली आणि त्याच जागी हे सगळं टिपून घेतलं. पुण्याला दाखवायला छान झालं म्हणतात.

आम्ही कोठीत बसलो होतो. अक्कांनी हात धुतले नव्हते. मी मुग्धाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्कांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"साकु, टीचर," त्या म्हणाल्या. "पुरे. तिकडे तरी काय होतं? मी लावते, कट म्हणतात आणि ती पोरगी पळत जाऊन तोंड धुते. सगळ्या धुतात."

मग त्यांनी विड्याची पानं पुढे ओढली. दुपारी कन्यादान झालं, त्या वेळी त्या पंक्तीचं तूप वितळवत होत्या. मुलगी निघाली तेव्हा वाकून नमस्कार करायला आली, सगळ्यांत शेवटी. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही उलट्या बाजूने, कारण तळव्यावर अजून पिवळं होतं आणि शालू नवा होता.

महिना झाला असेल. उपेंद्र वठारात आला. फाटकाशीच घुटमळत होता. लग्नानंतर त्याने तोंड दाखवलं नव्हतं. मी अक्कांच्या दारात बसून वह्या तपासत होते.

"अत्तेम्मा, नवीन काम आहे," तो म्हणाला. "मोठं आहे. फ्यामिली पिक्चर. लग्न, मुंज, गौरी, सगळं आहे. सारखं तुम्हालाच विचारतात."

अक्का आतून आल्या. "येते. पण मला कुंकू नको, बांगड्या नको. आहे तशी मागे उभी कर. काकू म्हण, आत्या म्हण. घरात एक अशी बाई असतेच की."

उपेंद्रला वाटलं चेष्टा चालली आहे. तो हसला, मग त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हसणं थांबवलं.

"तसं चालत नाही अत्तेम्मा. पैसे लावणारे घेऊ देत नाहीत. लोक सणाचं बघायला येतात."

"मोठं घर आहे म्हणतोस. एवढ्या मोठ्या घरात एकही नाही?"

"नाही ना," तो चाचरत म्हणाला. "फ्यामिली पिक्चरमध्ये सगळ्यांचे नवरे जिवंत असतात."

अक्कांनी मान हलवली. पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याने खरं तेच सांगितलं होतं.

"मग त्यांना सांग, मी वारले," त्या म्हणाल्या आणि दूध उतू जात होतं म्हणून आत गेल्या.